चाबी देण्याआधी

एप्रिलच्या मध्यावर नागपुरातल्या फाटकांवर पाट्या दिसायला लागतात. पुठ्ठ्याच्या, पत्र्याच्या, कधी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर स्केचपेननं लिहिलेल्या. 'वरचा माळा किरायाने देणे आहे', खाली मोबाइल नंबर, आणि पुष्कळदा आणखी एक ओळ : 'फक्त फॅमिली'. पाटी लागून दोन दिवस होत नाहीत तोच फोन वाजतो, आणि पहिला फोन बहुतेक वेळा किरायेदाराचा नसतो, एजंटचा असतो. "काकाजी, पाटी पाहिली. माझ्याकडे एक चांगली पार्टी आहे."

काकाजींना हायसं वाटतं. नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यासच्या) ले-आउटमध्ये दीड हजार फुटांचा प्लॉट घेऊन खाली बांधलं, मग मुलगा कमावता होईल म्हणून वरचा माळा चढवला. मुलगा पुण्याला किंवा त्याही पलीकडे गेला आणि वरच्या खोल्यांत आता जुन्या गाद्या आणि पापडाचे डबे आहेत. घर रिकामं ठेवलं तर नळ गंजतात, संडासाच्या पॉटमधलं पाणी आटून वास वर येतो, उंदीर वायर कुरतडतात. तेव्हा कुणीतरी येऊन राहिलेलं बरंच. पण अनोळखी माणसं पारखायची कशी, कागद कुठे करायचा, पैशाचं कसं बोलायचं, हे सगळं एजंटच्या अंगावर टाकून मोकळं व्हावं असं वाटणं साहजिक आहे.

अडचण अशी, की एजंटचं काम चाबी हातात पडते त्या दिवशी संपतं आणि घरमालकाचं त्याच दिवशी सुरू होतं. पुढचे अकरा, बावीस, चोवीस महिने त्या दोन कुटुंबांना एकाच जिन्यावरून चढायचं-उतरायचं असतं. एजंट त्या जिन्यावर नसतो. म्हणून जे ठरवायचं, लिहायचं, दुरुस्त करायचं ते सगळं चाबी देण्याआधीच झालं पाहिजे.

दलालीपासून सुरुवात करू, कारण तिचं बोलणंच लोक सर्वांत शेवटी करतात. नागपुरात तिचा एकच दर नाही. कुठे पंधरा दिवसांचा किराया, कुठे पूर्ण महिन्याचा, आणि पुष्कळदा दोन्ही बाजूंकडून. दोन्हीकडून घेण्यात काही लपवाछपवीच असते असं नाही, पण मग तो माणूस नेमका कुणाच्या वतीनं बोलतो आहे हे विचारण्याचा हक्क दोघांनाही आहे. पहिली पार्टी घर पाहायला येण्याआधी एक संदेश व्हॉट्सॲपवर पाठवावा : किराया इतका, डिपॉझिट इतकं, दलाली इतकी आणि ती करारनाम्याची नोंदणी झाल्यावर, किरायेदार तीन महिन्यांच्या आत निघून गेला तर दुसरा शोधून देण्याची दलाली नाही, आणि करार वाढवताना पुन्हा दलाली नाही. शेवटच्या दोन मुद्द्यांवरून पुढे फार कटुता होते. तोच किरायेदार, तेच घर, आणि वर्षभरानं एजंटचा फोन येतो की रिन्युअलचे माझे अर्धे द्या. आधी लिहिलेलं असेल तर हा फोन दोन वाक्यांत संपतो.

रेराच्या, म्हणजे घरबांधणी-विक्रीवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाच्या, नोंदणीचा नंबर दाखवला म्हणजे सगळं आलं, असाही एक समज आहे. २०१६चा रेरा कायदा एजंटची जी नोंदणी मागतो ती घर किंवा प्लॉटच्या विक्रीच्या व्यवहारासाठी. घर किरायानं लावून देण्याला ती लागू नाही. त्यामुळे किरायाच्या व्यवहारात तुमचं संरक्षण करणारा कागद म्हणजे तुम्ही एजंटशी जे लिहून ठरवलं तेवढाच.

आणि एजंट तुमच्या वतीनं जे बोलतो ते तुमच्यावर येतं. तुम्ही दिलेल्या अधिकारात त्यानं शब्द दिला तर १८७२च्या करार कायद्याप्रमाणे तो तुमचा शब्द धरला जातो. "गिझर लावून देतील", "गाडी आत लावा, काही हरकत नाही", "कुत्रं चालेल", ही वाक्यं जिन्यावरून उतरताना सहज बोलली जातात. किरायेदार ती लक्षात ठेवतो आणि त्याचं बरोबरच असतं. घरात काय मिळणार, काय नाही याची यादी एजंटला आधी द्या आणि पार्टी नक्की झाली की तीच यादी किरायेदाराला स्वतः पाठवा.

चार एजंटांना एकदम सांगावं की एकालाच, हा प्रश्न नेहमी येतो. चौघांना सांगितलं की घर लवकर जातं असं वाटतं. प्रत्यक्षात तेच घर एका ठिकाणी चौदा हजारांना, दुसऱ्या ठिकाणी पंधरा, तिसऱ्या ठिकाणी साडेसोळाला दिसतं. फोटो तेच, खिडकीतला कूलर तोच. शोधणाऱ्याच्या नजरेतून हे सुटत नाही आणि बोली चौदाच्याही खाली सुरू होते. दोघांना सांगावं, आकडा एकच द्यावा आणि चाबी कुणाकडेच ठेवू नये. घर दाखवायला आपण स्वतः किंवा शेजारच्या विश्वासाच्या माणसानं जावं. रिकाम्या घराची चाबी फिरत राहिली की दुपारच्या उन्हात कोण येऊन गेलं ते कळत नाही, नळ उघडा राहतो, टाकी रिकामी होते आणि विचारलं तर चौघेही दुसऱ्याचं नाव सांगतात.

किरायाचा आकडा ठरवताना एजंटचं ऐकावं, या बाबतीत त्याची माहिती घरमालकापेक्षा ताजी असते. नागपुरात चौकागणिक भाव बदलतो. हिंगणा रोडवर आणि वर्धा रोडवर मेट्रोच्या स्टेशनपर्यंत पायी जाता येतं की ऑटो करावा लागतो, यावर फरक पडतो. मेडिकल चौकाच्या आसपास डॉक्टर आणि नर्सिंगची मुलं, व्हीएनआयटीच्या बाजूनं विद्यार्थी, मनीषनगर-बेसा-बेलतरोडीकडे मिहान आणि एम्सला जाणारी नोकरदार मंडळी. कोण येणार यावर घराचं रूप ठरतं. विद्यार्थ्यांना कपाट आणि नेट हवं असतं, तान्हं बाळ असलेल्या घराला पाणी आणि सावली हवी असते. त्यातला हिशेब मात्र आपणच करायचा. पंधरा हजारांचं घर सोळाला जावं म्हणून एक महिना रिकामं ठेवलं, तर वर्षभरात जास्तीचे मिळणार बारा हजार आणि गेले पंधरा.

रिकाम्या महिन्याचा विषय निघाला की हंगामाचा विचार करावाच लागतो आणि तो फार थोडे घरमालक करतात. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीकडे उघडतात. बदल्या, कॉलेजचे प्रवेश, शिकवण्या, सगळं मे-जूनमध्ये येतं. याच दोन महिन्यांत चांगली कुटुंबं घर शोधतात. ऑक्टोबरात किंवा फेब्रुवारीत रिकामं झालेलं घर तितक्याच चांगल्या लोकांची वाट पाहत पडून राहतं. आता अकरा महिन्यांचा करार घ्या. १ जुलैला सुरू झाला तर ३१ मेला संपतो. पहिलं वर्ष उत्तम. त्याच माणसाला पुन्हा अकरा महिने दिले तर १ जून ते ३० एप्रिल. तिसऱ्यांदा १ मे ते ३१ मार्च. दर करारागणिक घर एकेक महिना मागे सरकतं आणि चौथ्या खेपेला ते फेब्रुवारीअखेर, परीक्षांच्या तोंडावर रिकामं होतं. तेव्हा शहरात कुणी जागचं हलत नाही.

अकराच महिने का, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं : "वर्षाच्या आतला करार रजिस्टर करावा लागत नाही." १९०८च्या नोंदणी कायद्यातली ती वर्षाची मर्यादा खरी आहे, पण महाराष्ट्रात ती कामाची नाही. आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आहे. तो ३१ मार्च २०००पासून लागू झाला आणि त्याच्या कलम ५५नं लिव्ह अँड लायसेन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घरात राहण्याची परवानगी देणारा, करार लेखी करणं आणि नोंदवणं बंधनकारक केलं, मुदत कितीही असो. नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून मोठी गोष्ट त्याच कलमात आहे. लेखी नोंदणीकृत करार नसेल तर अटींबद्दल किरायेदार जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. तो म्हणाला किराया बारा हजारच ठरला होता, तर पंधरा हजार सिद्ध करण्याचं ओझं तुमच्यावर. पाचशेच्या स्टँपपेपरवर टाइप करून नोटरीचा शिक्का मारलेला कागद इथे फारसा उपयोगी पडत नाही आणि तरी रोज असे कित्येक कागद होतात. कारण एजंटकडे मसुदा तयार असतो, नावं बदलली की झालं, आणि रजिस्ट्रीला म्हणे फार खर्च येतो.

खर्च मांडून पाहू. किराया पंधरा हजार, डिपॉझिट पंचेचाळीस हजार, मुदत चोवीस महिने. चोवीस महिन्यांचा किराया ३,६०,०००. परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरतात, म्हणजे ४,५००, दोन वर्षांचे ९,०००. बेरीज ३,६९,०००. त्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे सव्वानऊशेच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. वर ऑनलाइन कागद हाताळणीचं शुल्क आणि घरी येऊन काम करून देणाऱ्याची मजुरी. हा खर्च दोन कुटुंबांत निम्मा-निम्मा केला तर दोन वर्षांच्या निर्धास्तपणाला तो जास्त नाही. अकरा-अकरा महिन्यांचे दोन करार केले तर नोंदणी फी दोनदा जाते, एवढाच फरक. म्हणून पहिल्यांदाच चोवीस महिन्यांचा करावा, त्यात दुसऱ्या वर्षीची वाढ आकड्यात लिहावी आणि दोघांनाही एक-दोन महिन्यांची नोटीस देऊन मोकळं होण्याची मुभा ठेवावी. हंगाम जागेवर राहतो आणि कुणी बांधलंही जात नाही.

नोंदणी आता नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरून घरबसल्या होते. अधिकृत सेवा देणारा माणूस लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन येतो, आधारशी पडताळणी होते, फोटो निघतो. इथे एक गोष्ट हमखास अडते. ज्यांनी आयुष्यभर भांडी घासली, खडू धरला, शेतीची कामं केली त्यांचे अंगठे सत्तरीत यंत्राला दिसत नाहीत. काकू अंगठा ठेवतात, लाल दिवा लागतो, पुन्हा ठेवतात, पुन्हा लाल. मग त्या ओशाळतात, जणू त्यांचंच काही चुकलं. चुकलेलं काही नसतं. हात कोमट पाण्यानं धुऊन कोरडे करावेत, खोबरेल तेलाचा एक थेंब चोळून पुसून टाकावा, आणि अंगठ्याचाच हट्ट न धरता दहाही बोटं करून पाहावीत. अनामिका पुष्कळदा साथ देते. अजिबात जमत नसेल तर महिनाभर आधी आधार केंद्रात बोटांचे ठसे नव्यानं घ्यावेत. हे आधी तपासलं नाही की 'नंतर करून घेऊ' म्हणत चाबी दिली जाते आणि ते नंतर कधीच येत नाही.

करार झाला असं एजंटनं सांगितलं म्हणून तो झाला असं समजू नये. कित्येकांच्या कपाटात असतो तो नुसता मसुद्याचा प्रिंट. नोंदणी झालेल्या दस्ताला क्रमांक असतो आणि त्याची सूची दोन (इंडेक्स टू), म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा, निघते. ती हातात आली की दलालीचे पैसे द्यावेत. डिपॉझिट आणि पहिला किराया मात्र किरायेदाराच्या खात्यातून थेट घरमालकाच्या खात्यात यावा, एजंटच्या खात्यातून फिरून नाही. टोकन म्हणून एजंटनं रोख घेतलेले दोन-चार हजार कुणाचे, यावरून झालेली भांडणं या शहरात पुष्कळ आहेत.

मुदत संपल्यावरही लायसेन्सवाला घर सोडत नसेल तर याच कायद्याच्या कलम २४खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि राहिलेल्या काळासाठी दुप्पट दरानं भरपाई मागता येते. लेखी करारातल्या गोष्टी तिथे निर्णायक पुरावा धरल्या जातात. घर परत मिळण्याचा हा रस्ता नोंदवलेल्या करारामुळे सोपा होतो. वीज तोडणं, पाण्याचा वॉल्व बंद करणं, कुलूप बदलणं हे रस्ते नाहीत. भाडेकरूच्या अत्यावश्यक सोयी सबळ कारणाशिवाय बंद करायला हाच कायदा मनाई करतो, आणि कायदा बाजूला ठेवला तरी ४५ अंशांच्या उन्हात लेकरं असलेल्या घराचं पाणी बंद करणं कुणालाही शोभत नाही.

किरायेदार पारखायचा कसा, हा खरा नाजूक भाग. आधार, पॅन, नोकरीचं ओळखपत्र किंवा कॉलेजचं प्रवेशपत्र, राहणार किती जण, गाड्या किती आणि कुठे लावणार, हे सगळे विचारतात. मागच्या घरमालकाचा नंबर मात्र फार कमी लोक मागतात आणि त्याला खरंच फोन करणारे त्याहून कमी. त्या एका फोनमध्ये दोनच प्रश्न पुरतात : किराया वेळेवर यायचा का, आणि जाताना घर कसं ठेवलं. किरायेदाराची माहिती पोलिसांना कळवायची असते. ती ऑनलाइन भरता येते किंवा ठाण्यात देता येते, आणि "मी भरून टाकतो" म्हणणाऱ्या एजंटकडून तिची पोच मागून घ्यावी. मात्र पोलिसांना माहिती दिली म्हणजे चारित्र्याचा दाखला मिळाला, असं नाही. ती सूचना आहे, पारख नव्हे.

या सगळ्याच्या आधी एजंट फोनवर एक प्रश्न विचारून घेतो. "आडनाव काय?" तो घराचा पत्ता सांगण्याआधी विचारला जातो आणि उत्तर ऐकून कधी कधी घर एकाएकी 'कालच गेलं' होतं. घरमालकाला याचा पत्ताही नसतो. त्यानं असं काही सांगितलेलं नसतं. एजंट गृहीत धरतो की काकाजींना हेच हवं असणार, कारण याआधीच्या पाच घरमालकांना तेच हवं होतं. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी ज्या शहरात बाबासाहेबांनी लाखोंना धम्माची दीक्षा दिली, त्या शहरात पगार चांगला, नोकरी पक्की, मुलं शाळेत जाणारी असूनही एखाद्या कुटुंबाला आठ-आठ घरांतून आडनावावरून परत पाठवलं जातं, हे सहन होण्यासारखं नाही. एकट्या राहणाऱ्या मुली, मुस्लिम कुटुंबं, आईला सोबत घेऊन येणारी घटस्फोटित बाई, यांच्याही वाट्याला हेच येतं. घरमालक गप्प राहिला की त्याचं गप्प बसणं हीच अट होऊन बसते. म्हणून पहिल्याच संदेशात एक ओळ घालावी : 'जात, धर्म, आडनाव यावरून कुणालाही परत पाठवू नका. नोकरी, माणसं किती आणि मागच्या घरमालकाचा नंबर, एवढंच विचारा.' एजंटला याचं आश्चर्य वाटेल, पण तो ते पाळतो. आणि घराला मिळणाऱ्या चांगल्या किरायेदारांची संख्या एका ओळीत वाढते, हेही खरं.

आता घराकडे वळू, म्हणजे खिडकीकडे. नागपूरचं घर म्हणजे कूलर आलाच. मार्चअखेर लोखंडी स्टँडवर तो खिडकीला लागतो, स्लाइडिंगची एक काच काढून ठेवली जाते, उरलेल्या फटीत प्लाय किंवा थर्माकोल बसतो. काढलेली काच पलंगाखाली जाते आणि किरायेदार बदलतो तेव्हा ती तडकलेली असते किंवा सापडतच नाही. कूलरच्या टाकीतून थेंब थेंब गळणारं पाणी भिंतीवरून उतरतं, बोअरच्या पाण्यातले क्षार पांढरे उमटतात, त्यावर लोखंडाचा तांबडा ओघळ येतो आणि चार उन्हाळ्यांत प्लास्टर फुगतं. यावर डिपॉझिटमधून पैसे कापण्याचे वाद होतात. त्यापेक्षा घरमालकानं एकदाच खिडकीखाली उतार देऊन पत्र्याची पन्हाळ लावावी, तिचं तोंड पाइपानं खाली सोडावं, काढलेल्या काचांवर खोलीचं नाव लिहून त्या आपल्याकडे ठेवाव्यात.

डागापेक्षा फार मोठी गोष्ट विजेची आहे. कूलरचा शॉक लागून जीव गेल्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात वाचायला मिळतात. कारण साधं असतं. पत्र्याची बॉडी, आत पाणी, पाण्यात बुडालेला पंप. पंपाच्या वायरचं आवरण झिजलं की करंट पत्र्यात उतरतो. अर्थिंग नीट असेल तर तो जमिनीत जातो आणि घरात चांगला ब्रेकर असेल तर पुरवठा तुटतो. अर्थिंग नसेल तर पत्रा तसाच जिवंत राहतो आणि ओल्या हातानं पाइप लावून टाकी भरायला आलेल्या माणसाच्या अंगातून करंट जमिनीकडे जातो. जुन्या घरांत प्लगला तीन भोकं दिसतात, पण वरच्या मोठ्या भोकाच्या मागे वायरच जोडलेली नसते. बाहेरून ते कळत नाही. इलेक्ट्रिशियनला बोलावून फेज आणि अर्थ यांच्यामध्ये टेस्ट लॅम्प लावून प्रत्येक खोलीतला प्लग तपासून घ्यावा आणि मेन बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच पुरवठा तोडणारा ब्रेकर, बसवावा. हातानं फ्यूज टाकण्याच्या जुन्या बोर्डावर हे संरक्षण नसतं, साध्या एमसीबीतही नसतं. एमसीबी जास्तीच्या लोडवर किंवा शॉर्ट सर्किटवर तुटतो. माणसाच्या अंगातून जाणारा थोडासा करंट त्याला जाणवत नाही. आरसीसीबीवर 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतं. ते दाबलं की खटकन दिवे गेले पाहिजेत. चाबी देताना हे बटण किरायेदाराला स्वतः दाबून दाखवा, महिन्यातून एकदा दाबायला सांगा, आणि कूलरमध्ये पाणी भरताना आधी प्लग काढायचा हे घरातल्या लहानांसमोर सांगा. हा खर्च घरमालकाचाच आहे. यात निम्मं-निम्मं काही नाही.

गच्चीसुद्धा जूनच्या आधीच पाहायची. वरचा माळा देत असाल तर नाळीला बोळा लावून गच्चीवर दोनेक इंच पाणी चोवीस तास साठवून ठेवावं आणि खालून छताचे कोपरे, पंख्याचे हुक, भिंतीचे जोड पाहावेत. पहिल्या पावसात किरायेदाराच्या गादीवर गळती झाली की नात्याची सुरुवातच तक्रारीनं होते.

खाली मालक, वर किरायेदार आणि मीटर एकच, ही नागपुरातली नेहमीची रचना आहे. मध्ये एक सबमीटर टाकून युनिटप्रमाणे पैसे घेतले जातात. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत. शंभर युनिटपर्यंत एक, मग तीनशेपर्यंत दुसरा, पाचशेपर्यंत तिसरा, असे चढत जाणारे. दोन्ही कुटुंबांनी एकशे ऐंशी-एकशे ऐंशी युनिट जाळले तर स्वतंत्र मीटरवर प्रत्येकाचे शंभर युनिट पहिल्या टप्प्यात आणि ऐंशी दुसऱ्या टप्प्यात बसतात. एकाच मीटरवर तीनशे साठ होतात, स्वस्त टप्पा दोघांना मिळून एकदाच मिळतो आणि वरचे साठ तिसऱ्या टप्प्यात जातात. ते साठ कुणाचे, हा वाद कुठलाही सबमीटर सोडवू शकत नाही. स्वयंपाकघर आणि प्रवेश वेगळा असेल तर वरच्या माळ्यासाठी वेगळं मीटर घेण्याचा अर्ज करावा. पाण्याचं बिल घरमालकाच्या नावे येतं, तेव्हा ते किरायात धरलं आहे की वेगळं, हे करारात एका ओळीत यावं.

फ्लॅट असेल तर आणखी एक प्रश्न विचारावा लागतो : ही इमारत सहकारी सोसायटी आहे की अपार्टमेंट कायद्याखालची? नागपुरात १९७०च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली डीड ऑफ डिक्लरेशन, म्हणजे इमारतीचं नोंदवलेलं घोषणापत्र, केलेल्या स्कीम पुष्कळ आहेत. सोसायटी असेल तर फ्लॅट किरायानं दिल्याबद्दलचं बिनवापर शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही आणि त्यात महापालिकेचे कर धरायचे नाहीत, असा राज्य सरकारचा १ ऑगस्ट २००१चा आदेश आहे. तो आदेश सोसायट्यांसाठी आहे. अपार्टमेंटमध्ये डिक्लरेशन आणि उपविधी काय म्हणतात ते वाचावं लागतं. चाबी देण्याआधी सचिवांना भेटून पार्किंगची जागा कोणती ते दाखवून घ्यावं, कारण पुढची सगळी भांडणं तिथेच होतात.

मुलगा परदेशात आणि घर त्याच्या नावावर असेल तर कागद दोन जास्त लागतात. त्यानं वडिलांना कुलमुखत्यारपत्र दिलं आणि ते तिकडे केलं असेल, तर ते भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथलं मुद्रांक शुल्क भरून घ्यावं लागतं. आणि मालक अनिवासी असेल तर किरायेदारानं किराया देताना ३० टक्के आणि वर सेस असा कर कापून सरकारजमा करायचा असतो, रक्कम लहान असली तरी. बहुतेक एजंट हे सांगत नाहीत, बहुतेक किरायेदारांना माहीत नसतं, आणि नोटीस आली की ती किरायेदाराला येते. तेव्हा मालक अनिवासी आहे हे घर दाखवतानाच सांगून टाकावं. निवासी मालकांसाठी हिशेब सोपा आहे. वर्षाच्या किरायातून भरलेला मालमत्ता कर वजा करायचा आणि उरलेल्यावर सरसकट ३० टक्के सूट. रंग, प्लंबर, दुरुस्तीची बिलं दाखवून वेगळं काही मिळत नाही.

चाबी देण्याचा दिवस ठरला की सकाळची वेळ घ्यावी, उजेडात. किरायेदारासोबत खोलीखोलीतून फिरावं. वीजमीटरच्या आकड्याचा फोटो, पंखे किती, नळ गळतो का, आरशाला तडा आहे का, चाब्या किती दिल्या. पूर्ण घराचा एक सलग व्हिडिओ काढून दोघांच्या फोनमध्ये ठेवावा. यासाठी अर्धा तास पुरतो आणि एजंटनं त्या वेळी हजर राहावं असं दलालीतच ठरवून घ्यावं. डिपॉझिट कधी परत, रंगाचे किती कापणार, कापणारच असाल तर आकडा, हे त्याच दिवशी मोठ्यानं बोलून घ्यावं. दोन वर्षं राहिलेल्या घराचा रंग उन्हानं उडणारच. तो किरायेदारानं उडवलेला नसतो.

आणि निघण्याचा दिवस. मे महिन्याच्या शेवटी ट्रक दारात उभा असतो, कूलर उतरवलेला असतो, खिडकीत काच परत बसलेली असते. याच घाईत डिपॉझिट परत दिलं जातं आणि हात हलवून निरोप होतो. वर्षातलं सर्वांत मोठं विजेचं बिल मात्र अजून आलेलं नसतं. मे महिन्याचे युनिट जूनच्या बिलात येतात, तेव्हा ते कुटुंब हैदराबादला किंवा नाशिकला पोचलेलं असतं आणि थकबाकी राहते ती मीटरवर, म्हणजे मालकाच्या नावावर. ट्रक निघण्याआधी दोघांनी मिळून मीटरसमोर उभं राहावं. शेवटच्या बिलावरचा आकडा आणि आताचा आकडा यांची वजाबाकी करावी, त्या युनिटची रक्कम महावितरणच्या टप्प्यांप्रमाणे काढावी, तेवढी बाजूला ठेवून बाकीचं डिपॉझिट तिथेच उभ्या उभ्या त्यांच्या खात्यावर पाठवावं. बिल आलं की त्याचा फोटो त्यांना पाठवावा आणि काही रुपये उरले तर तेही परत करावेत. त्यानंतर वरच्या दाराचं कुलूप बदलावं, गच्चीची नाळी एकदा पाहावी आणि पाटी पुन्हा फाटकावर लावावी.